प्रजेच्या करातून प्रार्थनेची पुस्तकं रंगवून घेणारा ड्यूक : सोनं वितळलं, राजवाडे पडले, पानं मात्र उरली

जून १४१६. ठिकाण पॅरिस.

फ्रान्सच्या राजाचा काका, ड्यूक ऑफ बेरी, वयाच्या ७५ व्या वर्षी वारला होता. माणूस गेला आणि लगेच त्याच्या घरातल्या वस्तूंची मोजदाद सुरू झाली. कारण सरळ होतं. ड्यूकने मागे डोळे दिपवणारा खजिना ठेवला होता आणि डोक्यावर मोठं कर्जही.

माणिकं, मोती, सोन्याची भांडी, संतांचे अवशेष, गालिचे, पुस्तकं. एकेक वस्तू हातात घ्यायची, वर्णन लिहायचं आणि समोर किंमत टाकायची, असं काम चाललं होतं.

या यादीत एक पेटीही होती. पेटीत एका प्रार्थनापुस्तकाची सुटी पानं होती. पुस्तकाची बांधणी झालेली नव्हती आणि कितीतरी चित्रं अर्धवट होती. मोजणाऱ्यांनी त्याचं वर्णन ‘अतिशय श्रीमंत’ प्रार्थनापुस्तक असं केलं आणि किंमत लावली ५०० लिव्र. लिव्र म्हणजे तेव्हाचं फ्रान्सचं हिशेबाचं चलन.

त्याच यादीत ड्यूकचं दुसरं एक प्रार्थनापुस्तक होतं. त्याच्या मुखपृष्ठावर रत्नं जडवलेली होती. त्याची किंमत लागली ४,००० लिव्र.

आज त्या मुखपृष्ठावरच्या रत्नांचा पत्ता नाही. पेटीतली सुटी पानं मात्र जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध हस्तलिखितांपैकी एक मानली जातात. मोजदाद करणाऱ्यांनी लिहिलेलं वर्णनच पुढे त्यांचं नाव झालं, ‘त्रे रिश्श अर’.

ही पानं ज्याच्यासाठी रंगवली गेली तो माणूस कोण होता? कलेचा मोठा आश्रयदाता, की प्रजेला पिळून काढणारा सत्ताधीश? खरं सांगायचं तर दोन्ही. आणि या दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या काढता येत नाहीत.

राजाचा तिसरा मुलगा

जाँ, म्हणजेच पुढचा ड्यूक ऑफ बेरी, याचा जन्म ३० नोव्हेंबर १३४० चा, पॅरिसजवळच्या व्हॅन्सेनच्या किल्ल्यातला. बाप पुढे फ्रान्सचा राजा झाला, जाँ दुसरा. आई बॉन ही लक्झेंबर्गच्या घराण्यातली. चार भावांमध्ये हा तिसरा. थोरला शार्ल, मग लुई, मग जाँ आणि शेवटी फिलिप.

चित्रांच्या पुस्तकांचं वेड घरातच होतं. आई बॉन हिच्यासाठी बनवलेलं एक छोटं प्रार्थनापुस्तक आजही न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमच्या क्लॉइस्टर्स या शाखेत आहे. त्यातली चित्रं जाँ ल न्वार या चित्रकाराची मानली जातात. बॉन १३४९ मध्ये वारली, तेव्हा मुलगा नऊ वर्षांचाही नव्हता. मोठा झाल्यावर त्याने आपल्या सुरुवातीच्या प्रार्थनापुस्तकांपैकी एकासाठी माणूस निवडला तोही हाच जाँ ल न्वार.

पण लहानपण चित्रं बघण्यात गेलं असं मात्र नाही. फ्रान्स आणि इंग्लंड यांच्यात शंभर वर्षांचं युद्ध पेटलेलं होतं. १३५६ मध्ये प्वातियेच्या लढाईत फ्रान्सचा दारुण पराभव झाला. तीन मोठ्या मुलांना वेळीच रणांगणाबाहेर काढलं गेलं, धाकटा फिलिप बापाजवळ थांबला आणि खुद्द राजा इंग्रजांच्या हाती लागला.

राजाला सोडवायचं तर खंडणी द्यावी लागणार होती. १३६० च्या तहात आकडा ठरला ३० लाख सोन्याची नाणी. सगळे पैसे एकदम देणं अशक्य होतं, म्हणून हमी म्हणून राजाची मुलं आणि बडे सरदार इंग्लंडमध्ये ओलीस ठेवायचे ठरले. त्यात जाँ होता. वय अवघं वीस. त्याच वर्षी त्याला बेरी आणि ओव्हर्न्य या प्रांतांचा ड्यूक केलेलं होतं. पदवी हातात पडली आणि पाठोपाठ ओलीस म्हणून रवानगीही झाली.

ही कैद अंधारकोठडीतली नव्हती. राजपुत्रांना शिकार, मेजवान्या, अधूनमधून घरी जायची परवानगी असं सगळं मिळत होतं. पण त्याचा भाऊ लुई शब्द मोडून पळाला. याची लाज वाटून बाप स्वतः लंडनला परत गेला आणि १३६४ मध्ये तिथेच वारला.

एका राजाच्या सुटकेचा खर्च शेवटी कोण भरतं, हे तरुण जाँने अगदी जवळून पाहिलं. उत्तर होतं, कर भरणारी प्रजा. हा धडा तो पुढे आयुष्यभर विसरला नाही. फक्त त्यातून त्याने घेतलेला अर्थ प्रजेच्या बाजूचा नव्हता.

कर, बंड आणि जळालेला खजिनदार

थोरला भाऊ शार्ल पाचवा १३८० मध्ये वारला. गादीवर आला त्याचा अकरा वर्षांचा मुलगा शार्ल सहावा. राजा लहान म्हटल्यावर कारभार काकांच्या हातात गेला. जाँच्या वाट्याला आला दक्षिणेतला लांगदोक हा मोठा प्रांत.

प्रांत युद्धाने आधीच खचला होता. गावं लुटणारे बेकार सैनिक मोकाट फिरत होते. त्यात करांचा बोजा. शेतकरी आणि कारागीर हत्यारं घेऊन रानात गेले. इतिहासात हे ‘त्युशें’ बंड म्हणून ओळखलं जातं. १३८४ पर्यंत ड्यूकने हे बंड मोडून काढलं आणि नंतर प्रांतावर जबर दंड बसवला. म्हणजे कर जास्त झाले म्हणून लोक उठले आणि उठले म्हणून त्यांनाच आणखी पैसे भरावे लागले.

तक्रारी राजापर्यंत पोहोचायला काही वर्षं गेली. १३८९ मध्ये आता वयात आलेला शार्ल सहावा स्वतः लांगदोकच्या दौऱ्यावर निघाला. जागोजागी लोकांनी गाऱ्हाणी मांडली. बोट दाखवलं जात होतं ड्यूकचा खजिनदार बेतिझाक याच्याकडे.

त्या काळाचा इतिहास लिहिणारा फ्रोसार याने हा किस्सा सविस्तर दिला आहे. बेतिझाकला पकडलं. वसूल केलेले पैसे ड्यूककडेच गेले, असं त्याचं म्हणणं होतं. ड्यूकनेही निरोप पाठवला की त्याने जे केलं ते माझ्याच हुकमाने. म्हणजे सुटकेची वाट होती. पण बेतिझाकला कुणीतरी सल्ला दिला की तू धर्मविरोधी असल्याचं कबूल कर. खटला चर्चकडे जाईल आणि तिथून ड्यूक तुला सोडवेल. बिचाऱ्याने कबुली दिली आणि त्याच गुन्ह्यासाठी त्याला जिवंत जाळण्यात आलं.

ड्यूकचं काय झालं? लांगदोकचा कारभार त्याच्याकडून काढून घेतला गेला. इतकंच.

याच वर्षी त्याने दुसरं लग्न केलं. तो ४८ वर्षांचा, नवरी बुलोन्यची जान साधारण १२ वर्षांची. वारशात मोठी जहागीर असलेली ही मुलगी इतिहासात मात्र एका वेगळ्याच रात्रीमुळे लक्षात राहिली. जानेवारी १३९३ मध्ये पॅरिसला राजवाड्यात नाच चालला होता. राजा आणि त्याचे काही मित्र अंगाला डांबर आणि ताग चिकटवून रानटी माणसांची सोंगं घेऊन नाचत होते. मशालीची ठिणगी पडली आणि सोंगं पेटली. चौघे गेले. राजा वाचला, कारण या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीने आपल्या झग्याचा घोळ त्याच्यावर टाकून आग विझवली.

प्रार्थनेचं पुस्तक म्हणजे नेमकं काय?

आता येऊया पुस्तकांकडे.

मध्ययुगात चर्चमधले भिक्षू दिवसाचे आठ भाग पाडून ठरलेल्या वेळी प्रार्थना म्हणत. मध्यरात्रीपासून सुरुवात आणि झोपण्यापूर्वी शेवट. संसारी माणसांनाही असा नेम पाळावासा वाटू लागला, तेव्हा त्यांच्यासाठी सोपी, आटोपशीर आवृत्ती तयार झाली. हेच ‘बुक ऑफ अवर्स’, म्हणजे प्रहरांची पोथी. आपल्याकडे देवघरात नित्यपाठाची पोथी असते, तशीच ही ख्रिस्ती घरातली.

पुस्तकाच्या सुरुवातीला वर्षाचं कॅलेंडर. कोणत्या दिवशी कोणत्या संताचा सण, ते त्यात लिहिलेलं. मोठे सण लाल किंवा सोनेरी अक्षरात. मग बायबलमधले उतारे, मेरीमातेच्या आठ प्रहरांच्या प्रार्थना, पश्चात्तापाची सात स्तोत्रं, मृतांसाठीच्या प्रार्थना आणि संतांचे धावे. भाषा मुख्यतः लॅटिन.

मध्ययुगाच्या शेवटी युरोपात सगळ्यात जास्त बनलेलं पुस्तक कोणतं, तर हेच. सामान्य व्यापाऱ्याच्या घरी साधी प्रत असायची. लग्नात मुलीला दिली जायची. कितीतरी मुलं त्यातूनच वाचायला शिकली.

श्रीमंतांच्या प्रतींची गोष्ट वेगळी होती. कागद नाही, तर वासराचं कातडं चुन्याच्या पाण्यात भिजवून, ताणून, खरवडून तयार केलेलं चर्मपत्र. एका वासरात मोठ्या आकाराची मोजकीच पानं निघत. निळा रंग लॅपिस लाझुली या दगडाचा आणि तो दगड यायचा थेट आजच्या अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतून. सोन्याचा वर्ख खळीवर चिकटवायचा आणि गुळगुळीत दगडाने किंवा कुत्र्याच्या दाताने घासून चकाकी आणायची. मेणबत्तीच्या उजेडात पान हललं की सोनं चमकायचं, जणू पानातूनच प्रकाश येतोय. म्हणूनच अशा हस्तलिखितांना ‘इल्युमिनेटेड’, म्हणजे उजळलेली, म्हणतात.

आणखी एक गंमत. अशा चित्रांना ‘मिनिएचर’ म्हणतात ते लहान असतात म्हणून नाही. हा शब्द ‘मिनियम’ या लाल रंगाच्या लॅटिन नावावरून आला. लहानपणाचा अर्थ त्याला नंतर चिकटला.

चित्रकारांसाठी काहीही

ड्यूक ऑफ बेरीकडे सुमारे ३०० हस्तलिखितं होती. त्यात डझनाहून जास्त प्रार्थनापुस्तकं. एका माणसाला प्रार्थनेसाठी एक पुस्तक पुरतं. बाकीची प्रार्थनेपेक्षा हौसेची होती.

ही हौस अर्धवट नव्हती. रोबिने देताँप नावाचा माणूस त्याच्या संग्रहाच्या याद्या ठेवायला नेमलेला होता. कोणती वस्तू कुणाकडून आली, कुणाला दिली, कशी दिसते, याची नोंद व्हायची. आज इतिहासकारांना या संग्रहाबद्दल जे कळतं त्यातलं बरंचसं या याद्यांमुळेच.

१४०५ च्या आसपास त्याच्या पदरी तीन तरुण चित्रकार आले. पॉल, जाँ आणि हेर्मान. हे लिंबूर्ग बंधू आजच्या नेदरलँड्समधल्या नायमेखेनचे. कारागिरांच्या घरातली मुलं. त्यांचा मामा बर्गंडीच्या ड्यूककडे, म्हणजे बेरीचा धाकटा भाऊ फिलिप याच्याकडे, चित्रकार होता.

यातले दोघे लहानपणी पॅरिसला सोनाराकडे शिकायला होते. १३९९ मध्ये प्लेगची साथ आली म्हणून घरी निघाले आणि वाटेत ब्रुसेल्सला पकडले गेले. गुन्हा काही नाही. त्यांचा मुलूख आणि तिथला मुलूख यांच्यात भांडण होतं, एवढंच. विधवा आईकडे खंडणीचे पैसे नव्हते. शेवटी फिलिपने पैसे भरून त्यांना सोडवलं. फिलिप १४०४ मध्ये वारला आणि ही मुलं बेरीकडे आली.

ओलीस राहिलेला ड्यूक आणि ओलीस राहिलेले चित्रकार यांचं चांगलंच जमलं. त्यांनी आधी त्याच्यासाठी ‘बेल अर’ नावाचं प्रार्थनापुस्तक पूर्ण केलं. नात्यात किती मोकळेपणा होता याचा पुरावा संग्रहाच्या यादीतच आहे. १४११ च्या नववर्षाला तिघांनी ड्यूकला एक सुंदर पुस्तक भेट दिलं. वर पांढऱ्या मखमलीचं आवरण, चांदीच्या मुलामा दिलेल्या कड्या. उघडायला गेलं तर उघडेना. तो पुस्तकासारखा रंगवलेला लाकडाचा ठोकळा होता. राजाच्या काकाची अशी गंमत करायची हिंमत या तिघांकडे होती आणि काकाने तो ठोकळा जपून यादीत नोंदवला.

पण याच मायेची दुसरी बाजूही कागदोपत्री आहे. आपल्या एका चित्रकारासाठी, बहुधा पॉलसाठीच, ड्यूकने बूर्ज शहरातल्या एका सधन घरातली मुलगी पळवून आणून किल्ल्यात डांबली. मुलीचं वय होतं आठ वर्षं. आईला हे स्थळ मान्य नव्हतं. प्रकरण राजापर्यंत गेलं आणि राजाला मुलीला सोडा असं सांगावं लागलं. काही वर्षांनी ती मुलगी पॉलची बायको झालीच. चित्रकाराला बूर्जमध्ये मोठं घरही मिळालं.

ड्यूकला हवं ते मिळायचं, मग ते माणिक असो, चित्र असो किंवा माणूस.

एकाच पुस्तकातली दोन पानं

‘त्रे रिश्श अर’चं काम साधारण १४११ नंतर सुरू झालं. पान साधारण २९ सेंटिमीटर उंच आणि २१ सेंटिमीटर रुंद. सगळी मिळून २०६ पानं. यातलं कॅलेंडर सगळ्यात प्रसिद्ध आहे. प्रत्येक महिन्याला एक पूर्ण पानभर चित्र.

जानेवारीचं पान बघा. ड्यूकच्या घरी नववर्षाची मेजवानी चालली आहे. निळ्या झग्यातला, फरची टोपी घातलेला म्हातारा ड्यूक टेबलामागे बसलाय. पाठीमागे शेकोटी आणि तिची झळ अडवणारा गोल पडदा. भिंतीवर युद्धाचं दृश्य विणलेला गालिचा. टेबलावर जहाजाच्या आकाराचं सोन्याचं मीठदाणीचं भांडं आणि त्याच्या टोकांवर अस्वल आणि हंस, ही ड्यूकची आवडती चिन्हं. दोन छोटी कुत्री तर थेट टेबलावर चढून ताटांत तोंड घालतायत.

आता पान उलटून फेब्रुवारीवर या. सगळीकडे बर्फ. पाश्चात्त्य चित्रकलेत बर्फाचं असं दृश्य रंगवण्याचा हा अगदी सुरुवातीचा प्रयत्न मानला जातो. लाकडी घराची एक भिंत चित्रकाराने काढलेलीच नाही, म्हणजे आतलं दिसावं. आत तिघं कपडे वर करून शेकोटीपुढे शेकत बसलेत. बाहेर मेंढरं एकमेकांना चिकटून उभी. एक माणूस अंगावरचं कापड तोंडाशी घट्ट ओढून थंडीतून परत येतोय. लांब कुणीतरी लाकूड तोडतंय आणि एक जण गाढव हाकत गावाकडे निघालाय.

मार्चमध्ये म्हातारा शेतकरी दोन बैलांचा नांगर धरून चाललाय आणि मागे लुसिन्याँचा किल्ला उभा आहे. किल्ला कुणाचा? ड्यूकचाच. ऑक्टोबरमध्ये पेरणी, पक्षी हाकलायला शेतात धनुष्य घेतलेलं बुजगावणं आणि मागे पॅरिसचा लूव्हर राजवाडा. पुढे राबणारी माणसं आणि मागे राजवाडे, अशी मांडणी बऱ्याच पानांवर दिसते.

इथे थांबून विचार करण्यासारखं आहे. ज्या माणसाविरुद्ध शेतकरी हत्यारं घेऊन उठले होते, त्याच माणसाच्या पुस्तकात शेतकरी इतक्या बारकाईने रंगवलेले आहेत. बंडाचा, कराचा, भुकेचा मागमूस नाही. ड्यूकला आपली प्रजा जशी बघायला आवडली असती, तशी ती दिसते. शांत, ऋतूप्रमाणे आपापल्या कामात.

तरीही चित्रकारांची नजर खोटी नव्हती. थंडीत आखडलेलं शरीर, फाटके कपडे, नांगरावर दाबलेला हात, हे सगळं त्यांनी पाहून काढलं. त्यामुळे आज मध्ययुगातला साधा शेतकरी कसा दिसायचा हे शोधताना अभ्यासक पुन्हा पुन्हा या ड्यूकच्याच पुस्तकाकडे येतात.

उतरती कळा

पुस्तक रंगत होतं तेव्हा बाहेर देश फाटत चालला होता.

राजा शार्ल सहावा याला १३९२ पासून वेडाचे झटके येत होते. सत्तेसाठी घराण्यात दोन तट पडले. १४०७ मध्ये बर्गंडीच्या ड्यूकने राजाच्या सख्ख्या भावाचा पॅरिसच्या रस्त्यावर खून करवला. मारणारा आणि मरणारा, दोघेही बेरीचे पुतणे. म्हाताऱ्या काकाने आधी समेटाचे प्रयत्न केले आणि मग तो मृत पुतण्याच्या बाजूने उतरला.

याची किंमत त्याने मोजली. १४११ मध्ये पॅरिसच्या जमावाने शहराबाहेरचा त्याचा बिसेत्रचा राजवाडा लुटून जाळला. भिंतीवरची चित्रंही राखेत गेली. पुढच्या वर्षी खुद्द राजाच्या फौजेने त्याच्या बूर्ज शहराला वेढा घातला. लढाईचा खर्च आणि देणी भागवायला सोन्याचांदीच्या वस्तू वितळवल्या गेल्या. एकेकाळी लोकांच्या करातून आलेलं सोनं पुन्हा नाणी होऊन सैनिकांच्या पगारात गेलं.

चर्मपत्राचं तसं नसतं. रंगवलेलं पान वितळवून काही मिळत नाही. त्यामुळे ते टिकलं.

२५ ऑक्टोबर १४१५ ला आझँकूरच्या लढाईत फ्रान्सचा पुन्हा धुव्वा उडाला. प्वातियेला बाप कैद झालेला पाहिलेल्या ७४ वर्षांच्या ड्यूकने यावेळी राजाला आणि युवराजाला रणांगणावर जाऊ नका म्हणून अडवलं होतं. ते वाचले. पण ड्यूकचा जावई इंग्रजांच्या हाती लागला आणि कैदेतच मेला.

आठ महिन्यांनी, १५ जून १४१६ ला, ड्यूक वारला. त्याचे तिन्ही मुलगे त्याच्या आधीच गेले होते. त्याच वर्षात तिघे लिंबूर्ग बंधूही वारले. बहुधा साथीचा रोग असावा. तिघांपैकी कुणीच चाळिशी गाठली नव्हती.

पानांचं पुढे काय झालं?

इथून पुढे प्रत्येक पुस्तकाची कहाणी वेगळी होते.

‘बेल अर’ अंजूच्या घराण्यातल्या योलांद या राणीने ३०० लिव्रमध्ये घेतलं. १९५४ मध्ये ते न्यूयॉर्कच्या क्लॉइस्टर्सला पोहोचलं.

रत्नजडित मुखपृष्ठाच्या ‘ग्रांद अर’मधली मोठी चित्रं कधीतरी काढून घेतली गेली. त्यातलं मानलं जाणारं एक पान, क्रूस वाहणाऱ्या येशूचं, आज लूव्हर म्युझियममध्ये आहे. बाकीची गेली ती गेलीच.

‘त्रे बेल अर द नोत्र दाम’ हे पुस्तक ड्यूकने हयातीतच याद्या ठेवणाऱ्या रोबिनेला दिलं होतं. त्याने त्याचे तुकडे केले. रंगवून झालेला भाग ठेवला, अपुरा भाग विकला. विकलेल्या भागात पुढे नव्या चित्रकारांनी भर घातली आणि त्यातली काही चित्रं यान व्हान आइक या थोर चित्रकाराची असल्याचं बरेच अभ्यासक मानतात. याच भागातला एक तुकडा इटलीत तुरीनच्या ग्रंथालयात होता. जानेवारी १९०४ मध्ये तिथे आग लागली आणि तो जळून गेला. नशीब असं की आगीच्या दोनच वर्षं आधी त्याचे कृष्णधवल फोटो छापले गेले होते. आज त्या पानांचं तेवढंच रूप शिल्लक आहे.

अशी सुटी पानं जगभरच्या म्युझियममध्ये दिसतात त्यामागे आणखी एक कारण आहे. एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकात व्यापाऱ्यांच्या लक्षात आलं की अख्खं प्रार्थनापुस्तक विकण्यापेक्षा एकेक चित्र कापून विकलं तर जास्त पैसे मिळतात. शेकडो पुस्तकं अशी कात्रीखाली गेली. भिंतीवर लावायला चित्र मिळालं, पण आधी काय होतं आणि पुढे काय होतं हे कायमचं हरवलं.

‘त्रे रिश्श अर’ या कात्रीतून वाचलं. पेटीतली पानं फिरत फिरत साव्हॉयच्या ड्यूककडे गेली आणि तिथे १४८५ च्या सुमारास जाँ कोलोंब या चित्रकाराने उरलेली चित्रं पूर्ण केली. त्यानंतर जग त्यांना विसरलं. १८५५ च्या डिसेंबरमध्ये इटलीतल्या जेनोव्हा शहरात ड्यूक ऑफ ओमाल याने हे पुस्तक पाहिलं. तो फ्रान्सच्या पदच्युत राजाचा मुलगा होता आणि इंग्लंडमध्ये विजनवासात राहत होता. पुढच्याच महिन्यात त्याने ते विकत घेतलं. मायदेशी परतल्यावर आपला शांतिईचा राजवाडा आणि सगळा संग्रह त्याने फ्रान्सच्या विद्वत्संस्थेला देऊन टाकला. अट होती, इथली कोणतीही वस्तू बाहेर उसनी द्यायची नाही.

म्हणून हे पुस्तक बघायचं तर शांतिईलाच जावं लागतं. एरवी ते तिजोरीत असतं. छापील प्रती मात्र जगभर गेल्या. १९५९ च्या डिस्नेच्या ‘स्लीपिंग ब्युटी’ची पार्श्वदृश्यं रंगवतानाही या पानांचा आधार घेतला गेला.

२०२५ च्या उन्हाळ्यात मात्र एक दुर्मीळ संधी आली. दुरुस्तीसाठी कॅलेंडरची पानं बांधणीतून मोकळी केली होती. ती पुन्हा शिवण्यापूर्वी बाराही महिने शांतिईच्या प्रदर्शनात एका वेळी पाहता आले. १४१६ मध्ये पेटीत सापडली होती, तशीच सुटी.

आणि ड्यूक? बूर्जमध्ये त्याने स्वतःच्या समाधीसाठी बांधलेलं देखणं चॅपल १७५७ मध्ये पाडून टाकलं गेलं. समाधीवरचा त्याचा संगमरवरी पुतळा आता शहराच्या कॅथीड्रलच्या तळघरात आहे, पायाशी साखळी बांधलेलं छोटं अस्वल झोपलेलं.

त्याच्या याद्यांमध्ये प्रत्येक माणिकाची नोंद आहे. ज्यांच्या करातून ती माणिकं आली, त्या माणसांची नावं कुठेच नाहीत. ती माणसं उरली आहेत फेब्रुवारीच्या थंडीत आणि मार्चच्या नांगरामागे, ज्या पानांची किंमत तेव्हा ५०० लिव्र लागली होती आणि जी आता कुठल्याच किमतीला विकत मिळणार नाहीत.